लाल पावडर

शिरीष दातारला कुणी "शिक्षण किती?" असं विचारलं, तर तो डिग्री सांगत नसे. "पंचवीस वर्षं युनिक्स," म्हणायचा, आणि समोरच्याला काही कळलं नाही की त्याला फार बरं वाटायचं. पुण्याहून आधी सौदीत जुबैलला, तिथलं कंत्राट संपल्यावर हुफूफला, एका खजुराच्या फॅक्टरीत मेंटेनन्सचा मुख्य म्हणून तो आला होता. मालक राहायचा जेद्द्याला. इथला सगळा कारभार अबू नवाफ नावाच्या मॅनेजरच्या हातात. अबू नवाफ त्याला 'मुहंदिस' म्हणायचा. मुहंदिस म्हणजे इंजिनियर, पण त्या हाकेत जो रुबाब आहे तो 'इंजिनियरसाहेब'मध्ये नाही, असं शिरीषचं मत होतं.

फॅक्टरीचा सगळा जीव एका यंत्रात. पट्ट्यावरून खजूर यायचे, वरचा कॅमेरा त्यांना निरखायचा, आणि हवेच्या फटक्याने पहिल्या प्रतीचा माल इकडे, दुसऱ्या प्रतीचा तिकडे. यंत्र इटलीचं, पंचवीस वर्षांचं, आणि ते चालवणारा संगणकही तेवढाच म्हातारा. आत जुनं लिनक्स, म्हणजे युनिक्सचंच भावंड. माउससुद्धा त्याच जमान्यातला. त्याच्या पोटात रबरी गोळी, आणि वायरच्या टोकाला नऊ भोकांचा चपटा तुकडा, जो दोन स्क्रूंनी संगणकाच्या पाठीला आवळावा लागतो. त्या जागेला सिरियल पोर्ट म्हणतात. हल्लीचा माउस तिथे बसत नाही. रोज सकाळी कॅमेऱ्याखाली वीस खजूर मांडायचे आणि पडद्यावर एकेकावर माउसने टिचकी मारून यंत्राला सांगायचं, की बाबा रे, आजचा पहिल्या प्रतीचा माल असा दिसतो. एवढं झाल्याशिवाय पट्टा हलत नसे.

या यंत्राची उस्तवार करायचा दत्ताराम घाडी, देवगडच्या पलीकडचा इलेक्ट्रिशियन. अकरा वर्षं तो कंपनीच्या कॅम्पमध्ये राहत होता आणि यंत्राला 'म्हातारो' म्हणत होता. "म्हातारो आज खोकता साहेब, फिल्टर बदलूचो लागतलो," असं येऊन सांगायचा, आणि फिल्टर खरोखरच बदलायला झालेला असायचा. गेल्या वर्षी ऐन हंगामात त्याचे वडील गेले. हंगामात रजा नाही म्हणजे नाही. एकुलता एक मुलगा, पण बापाला अग्नी चुलतभावाने दिला. यंदा वर्षश्राद्ध होतं, आश्विन वद्य द्वितीयेला, म्हणजे दसऱ्यानंतर बरोबर आठवड्याने. त्यासाठीचा रजेचा अर्ज शिरीषनेच त्याला इंग्रजीत लिहून दिला होता, जूनमध्ये. मंजूरही झाला होता. गुरुवारचं तिकीट होतं. "या खेपेला पिंड माझ्या हातचा, साहेब," असं दत्ताराम दर चार दिवसांनी सांगायचा आणि शिरीष मान डोलवायचा.

आता दसरा त्या वर्षी आला शनिवारी. इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे खंडेनवमी नेमकी सुट्टीत आली. मंजिरीने, म्हणजे शिरीषच्या बायकोने, फ्लॅटच्या हॉलमध्ये पाट मांडला. त्यावर तिची शिवणाची कात्री, मिक्सर, शिरीषचा मल्टिमीटर आणि त्याचा ऑफिसचा लॅपटॉप. सगळ्यांना हळदकुंकू, फूल म्हणून झाडाची दोन पानं. शिरीषने नमस्कार केला आणि भरपूर श्रीखंड खाल्लं. शनिवारी सकाळी मात्र फॅक्टरीच्या पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर त्याने लॅपटॉपच्या झाकणावरचं कुंकवाचं बोट टिश्यूने पुसून टाकलं. उगाच कुणी विचारलं तर कशाला.

आत गेला तर हॉलमध्ये सामसूम. पट्टा बंद, आणि पन्नास-साठ माणसं भिंतीला टेकून उभी. पडद्यावर एकच ओळ: माउस सापडत नाही.

दत्ताराम पुढे आला. "साहेब, काल मी नेहमीसारखी सफाई केली. आज सकाळी चालू केला, तर माउस मेलेला. वायर बघितली, स्क्रू आवळून बघितले."

"सरक," शिरीष म्हणाला. पंचवीस वर्षं युनिक्स खुर्चीत बसलं.

त्याने माउस काढून परत लावला. संगणक बंद करून चालू केला. दत्तारामच्या कपाटात बनियनमध्ये गुंडाळून जपून ठेवलेला एक जादा माउस होता, तो लावला. तोही मेलेला. माउस एक नंबरच्या पोर्टवर होता, तो काढून दोन नंबरच्या पोर्टवर लावला आणि संगणकाला तसं सांगितलं. तरीही तेच, माउस सापडत नाही. दहा वाजले, अकरा वाजले. बाहेर खजुराचे ट्रक येऊन उभे राहू लागले आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागले. अबू नवाफ दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तो शिरीषच्या मागेच उभा राहिला, हात पाठीशी बांधून.

कुणी मागे उभं राहिलं की माणसाला काहीतरी केल्यासारखं दाखवावं लागतं. म्हणून शिरीषने संगणक फिरवला आणि टॉर्च मारला. पोर्टच्या जरा वर, पत्र्यावर, करंगळीच्या टोकाएवढा लाल ठिपका होता, त्याच्याशेजारी पिवळा.

"ईश हाधा?" अबू नवाफने विचारलं. हे काय आहे?

शिरीषला एका क्षणात सगळं कळलं. ठिपका कसला, कुणी लावला, कधी लावला, का लावला. तो ठिपका पोर्टच्या वर होता, आत कणभरही गेलेला नव्हता, हेसुद्धा त्याला दिसत होतं. आणि दोन हातांवर दत्ताराम उभा होता.

"पावडर," शिरीष म्हणाला. "लाल पावडर. सफाई करताना टेक्निशियनने टाकलेली दिसते. आत जाऊन दोन्ही पोर्ट शॉर्ट झाले."

"कसली पावडर? कशासाठी?"

"मला माहीत नाही," शिरीष म्हणाला.

हे तो इंग्रजीत म्हणाला. पण अकरा वर्षं सौदीत काढलेल्या माणसाला एवढं इंग्रजी येतं. दत्तारामने एकदा शिरीषकडे बघितलं आणि मग अबू नवाफकडे वळून म्हणाला, "मी लावलं. दरवर्षी लावतो. चूक झाली असेल तर माझी." पुढे समजवायला तोंड उघडलं होतं त्याने, पण अबू नवाफने हात वर केला. खाण्याच्या मालाच्या फॅक्टरीत, यंत्राच्या आत, कुणीतरी पावडर लावतो, हेच त्याला ऐकवेना. माणूस वाईट नव्हता हो तो. उद्या खजुरात लाल काही सापडलं तर जबाब त्यालाच द्यावा लागणार होता. त्याने तिथल्या तिथे ताकीदपत्र लिहायला सांगितलं आणि म्हणाला, "इटलीहून नवीन भाग यायला तीन आठवडे. तोपर्यंत हाताने निवडायचा माल. आणि याची रजा खलास, तिकीटही रद्द."

शिरीषच्या हातात स्पिरिटचा बोळा होता, त्याने तो लाल-पिवळा ठिपका घासून घासून पुसून काढला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त चोर कोण हे अजून चोरालाही ठाऊक नव्हतं.

ते त्याला कळलं रविवारी, असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजाच्या वेळी.

हॉल रिकामा होता. शिरीषला इटलीच्या कंपनीला ईमेल लिहायचा होता, की दोन्ही पोर्ट मेले आहेत. नुसतं 'मेले' लिहून ते ऐकणार नाहीत, पुरावा मागतील, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने स्वतःचा लॅपटॉप एका वायरने माउसच्या जागी, एक नंबरच्या पोर्टला जोडला. मेलेल्या पोर्टमधून काही येणार नाही, त्या रिकाम्या पडद्याचा फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. त्याने एंटर दाबलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर एक ओळ उमटली. पोर्ट त्याला विचारत होता: तुझं नाव काय?

म्हणजे पोर्ट जिवंत होता, ठणठणीत.

आणि हा प्रश्न विचारणारा तिथे कुणी बसवला, हे शिरीषला त्याच क्षणी आठवलं.

गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या दुपारी, त्याने एक शहाणपणा केला होता. हॉलमध्ये उकडतं, ऑफिसात एसी आहे. मग ऑफिसात बसल्या बसल्या, लॅपटॉपवरूनच यंत्राच्या संगणकात शिरता आलं तर? त्यासाठी पोर्टवर एक छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखाच, दारावर बसून येणाऱ्याला नाव विचारणारा. लॅपटॉप होता दोन नंबरच्या पोर्टवर. पण संगणकाच्या पाठीवर एक-दोन छापलेलं असतं आणि आत मोजणी शून्यापासून, आपण तळमजला सोडून पहिला मजला मोजतो तशी. शिरीषला हे झोपेतही येतं. पण गुरुवार दुपार होती, घरी जायची घाई होती, एकदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं नाही. मग त्याने वैतागून शून्य, एक, दोन, तिन्ही दारांवर वॉचमन बसवून टाकला. कुठेतरी तर लागेल! तेही चाललं नाही, कारण संगणक बंद करून चालू केल्याशिवाय ते लागू होत नाही, आणि तेवढा वेळ कुणाला? "शनिवारी बघू," म्हणून तो निघून गेला आणि विसरला. न जमलेलं काम माणूस केलेल्या कामात धरत नाही ना!

शुक्रवारच्या सफाईसाठी गुरुवारी संध्याकाळी यंत्र बंद झालं. शनिवारी सकाळी दत्तारामने चालू केलं. वॉचमन दारावर बसला. माउस बिचारा आपला निरोप पाठवत होता आणि वॉचमन तो मधल्या मध्ये गिळून टाकत होता. नवा माउस लावा नाहीतर जुना, एक नंबरला लावा नाहीतर दोनला, सगळीकडे हाच वॉचमन.

त्याने ती फाइल उघडली. तीन ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'एस.डी.'. केलेल्या प्रत्येक बदलापुढे आपली आद्याक्षरं लिहायची, ही शिस्त त्याने स्वतःच या फॅक्टरीत आणली होती. जो ती पाळत नाही त्याला तो सगळ्यांसमोर झापायचा. शिरीष कितीतरी वेळ त्या सहा अक्षरांकडे बघत बसला. पंचवीस वर्षं युनिक्स! पहिल्या वर्षाचं पोर आधी विचारतं, की पोर्टवर दुसरा कोणी बसलाय का. त्याने ते विचारलंच नव्हतं. त्याला लाल ठिपका सापडला होता.

त्याने तिन्ही ओळी पुसल्या. संगणक परत चालू केला, माउस लावला. बाण सुरकन पडद्यावर धावला. पाच मिनिटांचं काम.

"माशाल्लाह!" मागून आवाज आला. अबू नवाफ नमाज आटपून आला होता. "मुहंदिस! तू ती पावडर साफ केलीस? आतपर्यंत?"

सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडायचं आणि चार वाक्यं बोलायची. शिरीषने तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला. "साफ केली."

अबू नवाफने त्याला मिठी मारली. पट्टा सुरू झाला, माणसं धावत आपापल्या जागी गेली, कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. संध्याकाळी निघताना अबू नवाफने स्वतः येऊन पाच किलो खजुरांची पेटी त्याच्या गाडीत ठेवली, वरच्या प्रतीची. शिरीषने चाचरत विचारलं, "मग दत्तारामची रजा?" तर तो म्हणाला, "ज्याने फॅक्टरी दोन दिवस बंद पाडली त्याला सुट्टीचं बक्षीस देऊ? ती गोष्ट संपली."

घरी मंजिरीने पेटी उघडली, एक खजूर तोंडात टाकला. "बाई बाई, काय गोड आहे! कशाबद्दल रे?"

"मशीन चालू केलं."

"मग आता तुझा दत्ताराम जाईल ना गावाला?"

"जाईल की," शिरीष म्हणाला आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. आरशात बघवेना. जेवताना मंजिरीने दोनदा पुढे केलेले खजूर त्याने दोन्ही वेळा बाजूला सारले, आणि पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या दारात दत्ताराम उभा. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"साहेब, तुमचे उपकार झाले," तो म्हणाला. "मशीन सुरू झालं नसतं तर माझी नोकरीच गेली असती."

शिरीषला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "अरे, उपकार कसले," एवढंच तो पुटपुटला.

"एक काम होतं. आईला फोन करायचा आहे, येत नाही म्हणून. मी सांगितलं तर रडारड होईल, आणि मला बोलता येणार नाही. तुम्ही सांगाल? नुसतं 'काम आहे' म्हणा. ताकीदपत्राचं नका सांगू." आणि शिरीषने हो-नाही म्हणायच्या आत त्याने नंबर लावून फोन हातात दिला.

पलीकडे घंटा वाजली, मग कोंबड्यांचा आवाज, मग एक म्हातारा, बारीक आवाज. "कोण बोलता?"

"मी दातार. दत्तारामचा... इथला साहेब."

"माझो झील बरो आसा मां?" म्हातारीने घाबरून विचारलं.

"बरा आहे, एकदम बरा आहे. तो इथेच आहे. फक्त काय आहे, आई, इथे जरा काम निघालं. मोठं काम. त्यामुळे त्याला आता येता..."

"होय हो," म्हातारी म्हणाली. "गेल्या वर्साक पन कामच होता." मग जणू शिरीषला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईने पुढे म्हणाली, "तुमी मोठे सायब. तुमी सांगतास म्हंजे खराच आसतला. तेका म्हणा, जीवाक लावन घेव नको. चुलतभाव करतलो सगळा."

शिरीषने फोन दत्तारामच्या हातात कोंबला आणि तो उठला. कुठे चाललो हे त्याने सांगितलं नाही. जिना चढून सरळ अबू नवाफच्या खोलीत गेला, तिथे दोन पुरवठादार कहवा पीत बसले होते, त्यांच्यासमोरच म्हणाला, "मशीन मी बंद पाडलं होतं."

अबू नवाफने पुरवठादारांना बाहेर बसायला सांगितलं. मग शिरीषने सगळं सांगितलं. गुरुवारची दुपार, तीन ओळी, शेवटी आपली आद्याक्षरं. रविवारी 'साफ केली' म्हणालो तेही खोटं होतं, हेही सांगितलं. बावन्न वर्षांचा माणूस, पण शाळेत वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखे हात नुसते लोंबत होते.

"म्हणजे पावडरीने काही झालं नाही?" अबू नवाफने विचारलं.

"काही नाही."

अबू नवाफने ताकीदपत्राची प्रत काढून फाडली, संगणकावर दत्तारामचा इकामा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, नंबर घातला आणि जाण्या-येण्याचा व्हिसा दिला. दोन मिनिटंही लागली नाहीत. "तिकीट तुझ्याकडून," तो म्हणाला. "आणि तो परत येईपर्यंत दर शुक्रवारी मशीनची सफाई तू करायची. एकट्याने." त्या दिवसापासून तो त्याला 'मुहंदिस' म्हणेनासा झाला. 'शिरीष' म्हणू लागला.

गुरुवारी दत्तारामला दम्मामच्या विमानतळावर शिरीषनेच सोडलं. हुफूफपासून दीड-पावणेदोन तासांचा रस्ता. मुंबईला उतरून पुढे बस, शुक्रवारी रात्रीपर्यंत घरी, शनिवारी श्राद्ध. वेळेत पोहोचणार होता. सगळं सांगून टाकायला शिरीषला रस्त्यात धीर आला तो विमानतळाची पाटी दिसल्यावर. तो बोलत राहिला, वॉचमन, शून्य-एक-दोन, घाई, विसरलो. दत्ताराम बॅग मांडीवर घेऊन समोर बघत ऐकत होता.

"मला माफ कर, दत्ताराम," शिरीष म्हणाला.

"मशीनचं काय, साहेब. मशीन कुणाच्याही हातून बिघडतं," दत्ताराम म्हणाला. "मीसुद्धा एकदा मोटर जाळलेली आहे." गाडी थांबली. त्याने बॅग उचलली, दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि मग तसाच थांबला. "पण साहेब, ते कुंकू होतं. तुम्ही पावडर म्हणालात. काय आहे विचारलं तर माहीत नाही म्हणालात. मी बाजूलाच उभा होतो." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी मनात म्हटलं, साहेबांच्या घरी नसतील करत."

दार लागलं. शिरीषला "करतात रे" असं म्हणायचं होतं, पण कुणाला म्हणणार? मागच्या गाडीने हॉर्न दिला.

शुक्रवारी फॅक्टरीत चिटपाखरू नव्हतं. शिरीषने बादली घेतली, ब्रश घेतला, स्पिरिट घेतलं. यंत्राच्या मागचं मोठं पत्र्याचं दार त्याने आजवर कधी उघडलं नव्हतं, त्याला गरजच पडली नव्हती. चार स्क्रू काढून उघडलं. आत धुळीचा कण नाही. वायरी गावातल्या वेणीसारख्या चापूनचोपून बांधलेल्या, आणि दाराच्या आतल्या बाजूला, वरून खाली, एका ओळीत ठिपके. हळद आणि कुंकू, हळद आणि कुंकू. सगळ्यात वरचा जवळजवळ उडून गेलेला, खालचे हळूहळू गडद होत आलेले. त्याने मोजले. दहा. पत्र्यावरची जागा तिथे संपली होती, म्हणून यंदाचा अकरावा बाहेर, पोर्टच्या वर लावला असणार. तो शिरीषने स्पिरिटने घासून काढला होता. दहा वर्षं या ठिपक्यांसकट म्हातारा बिनतक्रार चालला होता, आणि ते बघायला फक्त चार स्क्रू काढावे लागले असते.

तो तिथेच फरशीवर बसून राहिला. जुम्म्याचा नमाज झाल्यावर अबू नवाफ चक्कर टाकायला आला, सफाई होते की नाही ते बघायला. उघड्या दारासमोर बसलेला शिरीष त्याला दिसला आणि त्याच्या पलीकडे ठिपके दिसले. तो वाकला.

"ईश हाधा?" त्याने विचारलं. पुन्हा तोच प्रश्न.

"कुंकू," शिरीष म्हणाला. "आणि ती पिवळी, हळद. आमच्याकडे वर्षातून एक दिवस अवजारांची पूजा करतात. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला हात जोडायचे, बस. त्याने या मशीनची केली. माझ्या घरीही करतात. त्याच दिवशी माझ्या लॅपटॉपलाही लावलं होतं. मी पार्किंगमध्ये पुसून आत आलो."

अबू नवाफने मान हलवली. एक-एक करत दहा ठिपके बघितले, बोट न लावता. मग सरळ उभा राहिला आणि शिरीषकडे बघितलं. रागावून नव्हे, खरोखरच कळत नव्हतं म्हणून त्याने विचारलं:

"एवढंच होतं? मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

विचारून तो निघून गेला. शिरीषने बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि ठिपके सोडून बाकीचं दार पुसायला घेतलं.